'अग्लिश' आणि 'चर्च' एक नव्हेत

मा. संपादक,

रविवारच्या अंकातील लेखात आयरिश भाषेतला चर्च या अर्थाचा 'अग्लिश' हा शब्द इंग्रजी 'चर्च'चाच भाऊ असल्याचे वाचले आणि राहवले नाही. दोघांचेही माहेर ग्रीक, पण घराणी वेगळी. 'चर्च' आला 'क्युरिआकोन'वरून, म्हणजे प्रभूचे घर. 'अग्लिश' मात्र 'एक्लेसिया'चा वंशज, लॅटिनमार्गे आलेला. ग्रीकमध्ये 'एक्' म्हणजे बाहेर, 'कालेओ' म्हणजे बोलावणे. अथेन्समध्ये नागरिकांच्या सभेला हेच नाव होते. इमारत नव्हे, जमलेली माणसे! मला हा अर्थ फार मोलाचा वाटतो.

मुलीकडे आयर्लंडला गेले होते तेव्हा किल्डेअरच्या पाटीवर इंग्रजी नावासोबत तिरप्या अक्षरांत 'किल दारा' लिहिलेले पाहिले. अर्थ ओकवृक्षाचे चर्च, आणि गाव संत ब्रिजिटचे. तेव्हापासून मी हे शब्द वहीत टिपत आले आहे. यातला 'किल' लॅटिन 'सेला'पासून, म्हणजे खोली किंवा साधूची कुटी. त्याचा 'अग्लिश'शी काही संबंध नाही.

बिशपला आयरिशमध्ये 'अस्पग' म्हणतात. तोही मूळचा ग्रीक 'एपिस्कोपोस', म्हणजे देखरेख करणारा. कृपया दुरुस्ती छापावी.

— एक निवृत्त भाषाशिक्षिका