दशम्यांच्या डब्याखालचं पत्र

पंचवटी, नाशिक
भाऊबिजेनंतरची रात्र

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

इंदूरची बस धुळ्याच्या पुढे गेली की हे वाच. तू झोपला आहेस, बॅग दारापाशी भरून ठेवली आहेस आणि मी ओट्यापाशी दशम्या गार व्हायची वाट बघते आहे. गरम गरम डब्यात भरल्या की त्यांना घाम सुटतो आणि दुसऱ्या दिवशी वास येतो. तेवढ्या वेळात लिहून होईल.

परवा जेवताना तू बाबांना सहलीचा हिशोब सांगत होतास. इंदूर, भोपाळ, दिल्ली, अमृतसर, सतरा दिवस, सगळं मिळून नऊ हजार. शेवटी म्हणालास, "राहायचं तर सगळीकडे फुकटच आहे." बाबा खूश झाले. मला मात्र तो शब्द लागला. मी वाढत होते, म्हणून तेव्हा काही बोलले नाही. आणि समोर बसवून सांगायला गेले की तू "हो गं आई, कळलं" म्हणून उठतोस.

तू कमी पैशांत फिरतोस याचा मला आनंदच आहे. तुझ्या वयात मी मुंबईच्या पलीकडे काही पाहिलं नव्हतं. पण या घरात वाढलेल्या मुलानं दुसऱ्याच्या घरी राहण्याला फुकट म्हणावं, हे मला सोसलं नाही.

आपलं घर रामकुंडापासून चालत दहा मिनिटांवर, त्यामुळे वर्षभर माणसं येतात. कुणाकडचा दशक्रिया विधी असतो, कुणाला त्र्यंबकला नागबळी करायचा असतो, कुणी नुसतंच काळारामाच्या दर्शनाला येतं. "लॉजवर कशाला उतरता, घर आहे की," असं तुझे आजोबा सगळ्यांना सांगायचे आणि स्वयंपाकघरात आम्ही दोघी, मी आणि तुझी आजी. २००३ च्या सिंहस्थात मी या घरात नवी होते. दोन दिवसांसाठी म्हणून आलेलं एक पाच जणांचं कुटुंब अकरा दिवस राहिलं. माणसं वाईट नव्हती. पण रात्री नऊ-साडेनऊला यायची आणि चपला काढता काढता सांगायची, "आम्ही जेवून आलो बरं का." कणीक भिजवलेली असायची, भाजी झाकून ठेवलेली असायची, आम्ही दोघी जेवायच्या थांबलेल्या असायचो. दुसऱ्या दिवशी दुपारी ते शिळं आम्हीच संपवायचो. अकराव्या दिवशी ती माणसं निघाली तेव्हा त्यांनी आजोबांचे आभार मानले, देवाला नमस्कार केला, स्वयंपाकघरात कुणी डोकावलंसुद्धा नाही.

त्याच सिंहस्थात वाशीमकडच्या एक आजीबाई तीन दिवस राहून गेल्या. येताना घरच्या तुरीची डाळ घेऊन आल्या होत्या. दुपारी मी जरा आडवी झाले की त्या पडवीत बसून तांदूळ निवडायच्या. गेल्या त्या दिवशी मी खोलीत गेले तर गादीची घडी, त्यावर चादर, त्यावर उशी, आणि खोली झाडलेली. त्यांचं आडनाव मी विसरले. ती घडी अजून डोळ्यांपुढे आहे.

२०१५ ला तू चौथीत होतास. तुझी गादी पाहुण्यांना दिली आणि तुला माळ्यावर झोपायला लागलं म्हणून तू रडला होतास, आठवतं? आता तुझ्यासाठी कुणीतरी तशीच गादी सोडणार आहे. इंदूरला तुझ्या मित्राची बहीण बारावीला आहे ना? तीन खोल्यांच्या घरात तू झोपणार म्हणजे तिचं टेबल कुठेतरी हलणार. ते कुठे हलवलं ते पाहून घे आणि ती अभ्यासाला बसली की तुम्ही दोघं बाहेर गप्पा मारा.

काकूंना पहिल्याच दिवशी दोन गोष्टी विचार: पाणी किती वाजता येतं, आणि सकाळी आंघोळीचा नंबर कुणाचा कधी. आणि जेवायला घरी आहेस की नाही हे त्यांना चार वाजायच्या आत कळलं पाहिजे, कणीक भिजवायच्या आधी. हे सगळ्यात महत्त्वाचं आहे, म्हणून खाली रेघ मारते. तुम्ही एखाद्या रात्री सराफ्यात जाणारच. सोन्या-चांदीची दुकानं बंद झाली की त्यांच्याच पायऱ्यांसमोर खाण्याच्या गाड्या लागतात, भुट्ट्याचा कीस, दहीवडे, गरम जिलबी, मध्यरात्र उलटून गेली तरी गर्दी. जरूर जा, एकेक प्लेट दोघांत घ्या म्हणजे चार गोष्टी चाखून होतील आणि पैसेही फार जाणार नाहीत. पण त्या रात्री जेवायला नाही हे काकूंना सकाळीच सांग, आणि परत येताना त्यांच्यासाठी काहीतरी बांधून आण. सकाळचे पोहे मात्र बाहेरच खा. इंदूरचे पोहे वाफेवर ठेवलेले असतात, वर शेव आणि जिरावण मसाला, बरोबर जिलबी. एवढ्यात दुपारपर्यंत निभतं. सराफ्याला लागूनच होळकरांचा राजवाडा आहे, तो दिवसा उजेडी बघ. अहिल्याबाईंनी देशभरच्या तीर्थांवर घाट, धर्मशाळा, अन्नछत्रं उभी केली. परक्या गावात माणसानं कुठे टेकावं आणि काय खावं, याची काळजी त्या बाईंनी अडीचशे वर्षांपूर्वी केली होती.

भोपाळला तू दोनच रात्री आहेस. तिथल्या आंटींना मराठी येत नाही, म्हणून गप्प बसून राहू नको. मोडकं हिंदी चालतं. सांचीला जाशील त्या दिवशी दशम्या संपवून टाक. दुधात भिजवल्यात, तरी तीन दिवसांवर ठेवू नको. शेंगदाण्याची चटणी, गूळ आणि मेतकूट मात्र दिल्लीपर्यंत पुरेल.

आता दिल्ली. तिथे घर नाही, ओल्ड राजिंदर नगरमधली एक खोली आहे आणि तिच्यात यूपीएससीचा अभ्यास करणारी तीन मुलं. त्यांच्या आयांना मी ओळखत नाही, पण ती मुलं काय खाऊन दिवस काढत असतील ते मला दिसतं. फराळाचा मोठा डबा त्यांच्यासाठी आहे. चकली, शंकरपाळे, बेसनाचे लाडू आणि कोंडाजी चिवड्याचा एक किलोचा पुडा. तो डबा इंदूरला फोडायचा नाही. इंदूरसाठी आणि भोपाळसाठी बेदाण्याची पाकिटं वेगळी ठेवली आहेत, पिंपळगावची.

त्या खोलीत आईवडील नाहीत, म्हणून तिथे तू पाहुणा नाहीस, चौथा भाडेकरू आहेस असं समज. पाण्याचा जार, दूध, भाजी, यातला तुझा वाटा पहिल्याच दिवशी दे. "राहू दे रे" म्हणतील. दे तरीही. त्या मुलांना घरून महिन्याचे मोजके पैसे येतात आणि ते तुझ्याकडे मागणार नाहीत. सकाळी ती अभ्यासिकेत जायला निघाली की तूही निघ. रात्री एकपर्यंत गप्पा मारायचा मोह होईल, तुला त्यांच्याशी बोलायचं असतं हे मला माहीत आहे. एक रात्र मार गप्पा. बाकीच्या रात्री त्यांना वाचू दे.

दिल्लीत स्वस्त खायला अडचण नाही. दुपारी अशोका रोडच्या आंध्र भवनात पोटभर थाळी मिळते, रांग असते पण सरकते. कॅनॉट प्लेसजवळ बंगला साहिब गुरुद्वारा आहे, तिथे लंगर. मेट्रोचं कार्ड करून घे, दर फेरीला थोडे पैसे सुटतात. या दिवसांत तिथली हवा धुरकट असते, मास्क बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात आहे.

तुझ्या कागदावर एक चूक सापडली. अमृतसर तू बरोबर त्रिपुरी पौर्णिमेला धरलं आहेस. आपण इथे गोदेत दिवे सोडतो तो दिवस म्हणजे गुरू नानक जयंती. त्या दिवशी हरमंदिर साहिबच्या, म्हणजे सुवर्णमंदिराच्या, सराईत जागा मिळणं अवघड. परतीचं तिकीट अजून काढलेलं नाहीस ते बरं झालं, अमृतसर दोन दिवस पुढे ढकल. पण ते दोन दिवस दिल्लीच्या मुलांवर घालू नको. भोपाळहून वर जाताना ग्वाल्हेर आणि आग्रा वाटेतच आहेत. मोठ्या स्टेशनांवर डॉर्मिटरी असते, तिकिटाच्या पीएनआरवर खाट मिळते. सामान क्लोकरूममध्ये ठेवायचं तर बॅगेला कुलूप हवं, म्हणून तुझ्या सायकलचं छोटं कुलूप घातलंय. ताजमहाल शुक्रवारी बंद असतो, वार बघून उतर. फलाटावर जनरलच्या डब्यांसमोर वीस रुपयांत पुरी-भाजी मिळते, ताजी दिसली तर घे. उघडी चटणी आणि कापलेली फळं नको, केळी घे.

अमृतसरला तुझं ओळखीचं कुणी नाही, आणि तिथेच तुला राहायला-जेवायला खरोखर एक पैसा मागणार नाहीत. म्हणून तिथलं जरा सविस्तर लिहिते. मी आणि बाबा लग्नानंतर चार वर्षांनी गेलो होतो, तुला आजीजवळ ठेवून. पादत्राणं ठेवायची, पाय धुवायचे, डोकं झाकायचं, माझा मोठा रुमाल त्यासाठीच दिला आहे. पंगतीत जमिनीवर बसायचं. रोटी ताटात टाकत नाहीत, दोन्ही हात पुढे करून ओंजळीत घ्यायची. आधी मागायची थोडी, लागली तर पुन्हा, पण ताटात काही टाकायचं नाही. रात्रंदिवस स्वयंपाक चालू असतो. गुरू अमरदासांनी नेम घातला होता, आधी पंगत, मग संगत. त्यांच्या भेटीला येणारा कितीही मोठा असो, त्याला सगळ्यांबरोबर खाली बसून जेवावं लागे.

जेवून झालं की लगेच बाहेर पडू नको. मागच्या बाजूला बायका-माणसं लसूण सोलत असतात, मटार सोलत असतात, ताटं धुणाऱ्यांचा तर नुसता खणखणाट. कुणी तुला बोलावणार नाही, तूच जाऊन बस. मी दोन तास लसूण सोलला. शेजारच्या बाई पंजाबीत बोलत होत्या, मी मराठीत. मला एवढंच कळलं की त्यांची सून बाळंत व्हायची आहे. तिथे बसल्यावर मला पहिल्यांदा आपल्या स्वयंपाकघराबद्दल अभिमान वाटला. इतकी वर्षं मी त्याला कामच समजत आले होते. हे मी बाबांनासुद्धा कधी बोलले नाही.

सराईत तीन दिवसांपेक्षा जास्त राहायचं नाही. जवळच जालियनवाला बाग आहे, तिथे शांतपणे जा, फोटो काढत हिंडू नको. एक दिवस काढता आला तर घुमानला जाऊन ये, बस मिळते. आपले नामदेव महाराज तिथे राहिले, त्यांची पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत. २०१५ चं मराठी साहित्य संमेलन तिथेच भरलं होतं. मला तेव्हा जायचं होतं. सिंहस्थाचं वर्ष, घर रंगवायला काढलेलं, राहून गेलं. तिथली थोडी माती कागदाच्या पुडीत आण.

परतीला सचखंड एक्सप्रेस घे, ती थेट मनमाडला येते. त्या गाडीत वाटेतल्या स्टेशनांवर लोक लंगर घेऊन येतात, ताट-वाटी आपली लागते. म्हणून बॅगेच्या तळाशी स्टीलचं ताट घातलंय. जड होतं म्हणून काढून ठेवू नको. आणि हे बघ, आपण मनमाडच्या इतके जवळ राहतो, पण गुप्तसर साहिबच्या गुरुद्वाऱ्यात मी तुला कधी नेलं नाही. गाडीची वेळ नीट असेल तर तिथे दर्शन घेऊनच पुढे ये.

पैसे सांभाळ. बाबांनी दिलेले फोनमध्ये आहेत, मी दिलेले दोन हजार ओळखपत्राच्या मागे आहेत. ते माझे आहेत, त्यांचा हिशोब नको. प्रत्येक घरातून निघताना आधी स्वयंपाकघरात जाऊन सांग की निघतो. चादर स्वतः घडी कर. आणि २०२७ च्या सिंहस्थाला सगळ्यांना इकडे बोलाव, इंदूरच्या काकू-काकांना, भोपाळच्या आंटींना, दिल्लीच्या तिघांनाही. मी म्हटलंय म्हणून सांग. त्या वेळी माळ्यावर तू झोप.

डबे तीन आहेत. निळ्या झाकणाचा आजीचा आहे, तो इंदूरला रिकामा झाला की धुऊन बॅगेत टाक. काकू त्यात काही घालून देतील, नको म्हणू नको.

दशम्या गार झाल्या. साडेपाचला उठवते. परत येताना मनमाड सोडलंस की फोन कर, म्हणजे कुकर लावते.

तुझी,
आई