पासची चिठ्ठी बाजूला ठेवून बेरा (आवाज कानापासून मेंदूपर्यंत पोचतो का ते पाहायची तपासणी) करायला लावणाऱ्या मॅडमला

नमस्कार मॅडम,

ओळखलं की नाही माहीत नाही, तुमच्या खोलीबाहेर रोजच रांग असते. मी तो मामा, महाबीजच्या थैलीत भाच्याची फाईल घेऊन येणारा. ताईला लिहिता येत नाही असं नाही, बारावी झाली आहे तिची, पण ती म्हणते तूच लिही, माझ्यानं रडल्याशिवाय होत नाही. म्हणून मी लिहून राहिलो, अन् सगळ्यांना वाचता येईल असं लिहून राहिलो, कारण आमच्या इकडे बाळाच्या काविळीचं नाव निघालं की दहा जण दहा उपाय सांगते, कोणी माळ घाला म्हणते, कोणी उन्हात धरा म्हणते, पण काविळीचा कानाशी काही संबंध असते हे एकानंही सांगितलं नाही. ते आम्हाला तुमच्याकडून समजलं.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. पहिलं बाळंतपण म्हणून ताई आमच्याकडे, मे महिना, डिलिव्हरी नॉर्मल, वजन चांगलं. तिसऱ्या दिवशी आशाताई घरी आल्या. बाळाच्या कपाळाला, मग पोटाला, मग तळपायाला बोट दाबून पाह्यलं, बोट उचललं की खालची कातडी पिवळीच, तळपायाचीसुद्धा. त्यात लेकरू दूध ओढत नव्हतं. आशाताई आईला एवढंच म्हणल्या की 102 ला फोन लावा, चहा नंतर पिते मी. एसएनसीयूत, म्हणजे सरकारी दवाखान्यातल्या आजारी नवजात बाळांच्या कक्षात, नेल्यावर बिलिरुबिन (रक्तातलं कावीळ करणारं पिवळं द्रव्य) 27 निघालं, म्हणजे लयच जास्त. ताईचं रक्त ओ, बाळाचं बी, अन् ते जुळत नसल्यानं आईच्या रक्तातून गेलेल्या अँटीबॉडी बाळाच्या लाल पेशी फोडत होत्या. आरएच निगेटिव्हचं बहुतेक लोकांना माहीत असते, पण हे ओ गटाचं पहिल्याच लेकराला पण होऊ शकते हे आम्हाला तिथंच कळलं. निळ्या लाईटखाली ठेवून पण लवकर उतरेना तेव्हा नाभीतून नळी टाकून रक्त बदललं. आशाताईचे अन् तिथल्या सिस्टर लोकांचे आभार आम्ही घरोघर जाऊन मानले, तुमचे राहून गेले.

घरी आल्यावर बाळ मस्त. दूध पिते, वजन धरते. आज्जीनं थाळी वाजवून पाह्यली तं ते दचकलं, झालं, सगळे खूश. एका खाजगी ठिकाणी कान तपासायची मशीन लावली, दोन मिनिटात पासची चिठ्ठी भेटली. आज्जी तं म्हणे, "ऐकते ना बाप्पा, आता काऊन फिरवता लेकराले दवाखान्यानं?"

अन् मग फॉलोअपला तुम्ही ती चिठ्ठी पाह्यली, बाजूला ठेवली अन् डिस्चार्ज कार्ड मागितलं. कार्डावर "रक्त बदलले" लिहिलेलं वाचलं अन् म्हणलात, ही टेस्ट बरोबर आहे, पण हिनं या बाळाचं भागत नाही, बेरा करायची.

त्या दिवसाचं सगळं डोळ्यासमोर आहे. तुम्ही पंखा बंद केला, आमचे मोबाईल बंद करायला लावले, ताईला म्हणलात पोटभर पाजून झोपवा, घाई नाही. बाळाच्या कपाळावर अन् कानामागं घासून साफ करून वायरी चिकटवल्या, कानात बारके फोमचे बोळे. मधातच लाईट गेली (ती तं जाणारच), बाळ उठलं, पुन्हा पाजलं, पुन्हा झोपवलं, तुमच्या जेवणाचा डबा तसाच राह्यला. पण तुम्ही "उद्या या" म्हणल्या नाहीत. आमच्या गावाहून उद्या या म्हणजे काय ते एसटीनं येणाऱ्यालाच माहीत.

मग तुम्ही मला स्क्रीनपाशी बोलावलं. म्हणलात, पहिल्या मशीननं, म्हणजे ओएईनं, फक्त कानाच्या आतल्या कॉक्लियातल्या पेशी तपासल्या, त्या चांगल्या आहेत म्हणून पास आलं. पण बिलिरुबिन लय वाढलं की ते रक्तातून मेंदूत शिरते, अन् तिथं गेल्यावर सगळीकडे सारखं नाही बसत, काही ठरावीक जागाच धरते. हालचाल सांभाळणारी केंद्रं धरते, अन् मेंदूच्या बुडाशी आवाजाच्या रस्त्यावरची केंद्रं आणि कानाची नस धरते. बेराच्या ग्राफवर पाच लाटा दिसायला पाहिजे, पहिली नसेची अन् पुढच्या वरच्या वरच्या ठिकाणच्या. भाच्याच्या ग्राफवर सुरुवातीला बारीक थरथर होती अन् पुढं सपाट. तुम्ही कानात सोडलेल्या टिकटिक आवाजाची, म्हणजे क्लिकची, बाजू पलटवली तर ती थरथरही उलटी झाली, म्हणजे ती नसेची नाही, कॉक्लियाचीच आहे. ऑडिटरी न्यूरोपॅथी, म्हणजे कान आवाज घेते पण नस तो मेंदूपर्यंत नीट पोचवत नाही, हे नाव तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. मला काही सुचेना, तं तुम्हीच विचारलं, यात्रेतला लाऊडस्पीकर शेतातून ऐकला आहे का? आवाज येते, पण काय म्हणून राहिले ते समजत नाही. बाळाला तसं ऐकू येत असेल. थाळीला दचकते ते खरं आहे, पण बोलणं वेगळं, त्यात अक्षरा-अक्षरातला मिलिसेकंदांचा फरक मेंदूला पकडावा लागते अन् नस तोच फरक पुसून टाकते.

आणखी एक गोष्ट तुम्ही सांगितली ती आमच्या घरात लय कामी आली. असं लेकरू आज आवाजाकडे वळते, उद्या वळत नाही, शांत खोलीत ऐकते अन् चार माणसं बोलली की हरवते. हे नसतं सांगितलं तं आमच्याकडे "नाटकं करते पोट्टं" हेच झालं असतं, अन् सासरी ताईला काय काय ऐकावं लागलं असतं ते सांगायलाच नको.

आज्जीला तुम्ही रागावल्या नाही याचे वेगळे आभार. ती म्हणे आम्ही उन्हात धरायचो ते काय खोटं होतं का? दुसरं कोणी असतं तं आज्जीला अडाणी म्हणून मोकळं झालं असतं. तुम्ही तिला गोष्ट सांगितली, इंग्लंडात रॉचफर्डच्या दवाखान्यात वॉर्ड नावाच्या सिस्टर होत्या, त्या बाळांना अंगणात न्यायच्या, अन् 1956 मध्ये त्यांनी डॉक्टरांना एक बाळ दाखवलं, ऊन लागलेलं अंग उजळ अन् चादरीच्या कोपऱ्याखालचा तुकडा तेवढा पिवळा. त्यातूनच पुढं निळ्या लाईटचा उपचार निघाला, 1958 ला त्यावर पेपर छापून आला. म्हणजे आज्जीचं ध्यान बरोबर, पण 27 वर गेलेली कावीळ उन्हानं उतरत नाही, अन् आपल्या मे महिन्याच्या उन्हात तं बाळ सुकते आणि अंगातलं पाणी कमी झालं की बिलिरुबिन अजून चढते. आज्जी आता हीच गोष्ट सगळ्या गल्लीला सांगते, सिस्टरचं नाव मात्र दरवेळी वेगळं असते.

तुम्ही विचारलेला एक प्रश्न इथं मुद्दाम टाकतो, कोणाच्या तरी कामी येईल. बाळाचे कपडे पेटीतले जुने होते का, त्यात डांबरगोळ्या होत्या का? आमच्या बाळाचं कारण वेगळं निघालं, पण ज्या लेकरांना जीसिक्सपीडी (लाल पेशींना जपणारं एक एन्झाइम) कमी असते त्यांच्या लाल पेशी डांबरगोळीच्या वासानंही फुटतात अन् कावीळ एकदम चढते. आमच्या इकडे बाळंतपण म्हणलं की पेटी उघडलीच समजा.

कावीळ तशी अर्ध्याहून जास्त बाळांना होते अन् बहुतेकांची आपोआप जाते, म्हणून उगाच घाबरू पण नका हे तुम्ही बाहेर बसलेल्या बायांना सांगत होत्या ते मी ऐकलं आहे. पण पहिल्या चोवीस तासात पिवळं दिसलं, तळपायापर्यंत उतरलं, बाळ सुस्त झालं, दूध सोडलं, चिरक्या आवाजात रडायला लागलं किंवा धनुष्यासारखं मागं वाकायला लागलं तं त्याच वेळी निघायचं.

तुम्ही ऐकायच्या मशीनची, म्हणजे श्रवणयंत्राची, पण घाई केली नाही. बेरावरून या आजारात किती ऐकू येते ते ठरवता येत नाही, काही बाळांचा ग्राफ काही महिन्यात सुधारतो पण, म्हणून थांबलात, पुन्हा केला, तं एका बाजूला पाचवी लाट उशिरा का होईना दिसली. बाळ मान वळवायच्या वयाचं झालं तेव्हा खेळण्यांवर टेस्ट घेतली अन् मगच मशीन बसवली. ही पुरली नाही तं कॉक्लियर इम्प्लांटचा, म्हणजे ऑपरेशननं कानाच्या आत बसवायच्या यंत्राचा, रस्ता आहे हे पण आधीच सांगून ठेवलं, त्यामुळे ताईला रात्री झोप तरी लागते. थेरपीवाल्या मॅडमनं सांगितल्याप्रमाणे टीव्ही बंद करून, तोंडासमोर बसून बोलणं चालू आहे. घरात टीव्ही बंद राहणं आबाला जड जाऊन राहिलं, पण इलाज नाही.

मशीन पोट्टं दिवसातून दहादा काढून फेकते, मागं एकदा बैलाच्या गव्हाणीत सापडली, पुसून वाळवून लावली तं चालू. कान वाढल्यानं मशीनचा कानात बसणारा साचा सैल झाला अन् शिट्टी वाजून राहिली, तवा नवीन मापासाठी येत्या मंगळवारी येतो आहे. ताई म्हणते तूर सोलून आणू का, ओल्या शेंगा आहेत सध्या, नाही म्हणू नका.

तुमचा,
भाच्याचा मामा