फ्लॅशमधल्या गळतीबद्दलही लिहा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी विज्ञानाच्या पानावर ‘आता पेनड्राइव्हच विचार करणार’ हा लेख वाचला. पेनड्राइव्हमधली फ्लॅश मेमरी (वीज गेली तरी माहिती टिकवणारी साठवण) माहिती नुसती ठेवणार नाही, कृत्रिम बुद्धिमत्तेचे गणितही तिथेच करील, असा त्याचा सूर. गेली एकोणीस वर्षे माझे पोट पेनड्राइव्ह आणि मेमरी कार्डांवर चालते. बिघडलेल्या कार्डातून लोकांचे फोटो, हिशेब, अर्धवट राहिलेले प्रबंध काढून देणे हा माझा धंदा. त्यामुळे मथळा वाचून आधी हसूच आले. माझ्या टेबलावर येणाऱ्या पेनड्राइव्हला स्वतःच्या पोटात काय ठेवले होते तेही आठवत नसते, तो विचार काय करणार? पण लेख शेवटपर्यंत वाचला, कारण मूळ कल्पना खरी आहे आणि चांगलीही आहे. तपशिलात मात्र गफलत झाली आहे, आणि मला जी गोष्ट रोज छळते, म्हणजे फ्लॅशमध्ये साठवलेला विद्युतभार हळूहळू गळून जाणे, तिचा लेखात उल्लेखच नाही.

आधी ‘विचार’ या शब्दाबद्दल. न्यूरल नेटवर्कचे (मेंदूच्या धर्तीवर रचलेल्या, उदाहरणांवरून शिकणाऱ्या संगणकीय जाळ्याचे) बहुतेक काम म्हणजे ढिगाने गुणाकार आणि त्यांची बेरीज. फ्लॅशचा प्रत्येक सेल म्हणजे एक ट्रान्झिस्टर, आणि त्याच्या पोटात चहूबाजूंनी ऑक्साइडने बंद केलेली एक कोठडी. तिच्यात इलेक्ट्रॉन कोंडले की ट्रान्झिस्टरमधून वीज कमी वाहते, काढून घेतले की जास्त. किती कोंडायचे हे बारकाईने सांभाळले, तर तोच सेल पाऊण किंवा पाव उघडलेल्या नळासारखा वागतो. नळ किती उघडा, ते नेटवर्कमधले ‘वजन’, म्हणजे ज्या आकड्याने गुणायचे तो. वरून व्होल्टेज दिले की निघणारा प्रवाह म्हणजे व्होल्टेज गुणिले वाहकता, शाळेतला ओहमचा नियम. असे शेकडो सेल एकाच तारेला जोडले की बेरीज तारेतच होते. चार विहिरींच्या मोटारी एका पाटात सोडल्या आणि टोकाला पाणी मोजले, तर बेरीज पाटानेच केली ना? उणे वजनासाठी सेलची जोडी ठेवतात आणि एकाच्या प्रवाहातून दुसऱ्याचा वजा करतात.

एवढा खटाटोप का, हे लेखात एका ओळीत उरकले आहे. स्टॅनफर्डचे मार्क होरोविट्झ यांनी २०१४ मध्ये मांडलेले आकडे या क्षेत्रात सगळे वापरतात: ४५ नॅनोमीटर चिप-तंत्रात ३२ बिटांचा एक दशांश गुणाकार करायला सुमारे ३.७ पिकोज्यूल (ऊर्जेचे अतिसूक्ष्म एकक) लागतात, आणि तेवढाच आकडा बाहेरच्या डीरॅममधून (संगणकाच्या चालू कामाच्या मेमरीतून) आणायला सुमारे ६४०. कोथिंबिरीच्या एका जुडीसाठी रिक्षा करून मंडईत जाण्यासारखे आहे हे. आकडा जिथे ठेवलाय तिथेच गुणला, तर रिक्षाभाडे वाचते.

आता पेनड्राइव्ह. वर सांगितलेली बेरीज सहजपणे जमते ती ‘नॉर’ जातीच्या फ्लॅशमध्ये, कारण तिथे सेल एका तारेवर समांतर लटकलेले असतात. पेनड्राइव्ह, मोबाइल, एसएसडी यांत असते ‘नॅन्ड’ ही दुसरी जात. तिथले सेल एकामागोमाग एक, दिवाळीच्या जुन्या माळेसारखे. एक दिवा गेला की अख्खी माळ बंद. अशा माळेत प्रवाहांची बेरीज कशी करणार? तरी माळेचाही उपयोग काढणारे आहेतच. २०२२ मध्ये ईटीएच झुरिच हे स्वित्झर्लंडमधले विद्यापीठ आणि त्यांच्या सहकारी गटांनी ‘फ्लॅश-कॉसमॉस’ नावाचे काम प्रसिद्ध केले. माळेतले अनेक सेल एकदमच वाचले, तर ‘सगळे चालू आहेत का’ याचे उत्तर एका झटक्यात मिळते, म्हणजे तर्कशास्त्रातले ‘आणि’. १६० खऱ्या थ्रीडी (थरांवर थर रचलेल्या) नॅन्ड चिपवर त्यांनी हे तपासले. ते शून्य-एकाचे काम आहे, लेखात रंगवलेले वजनांचे गणित नव्हे.

‘अगदी नवी कल्पना’ हेही दुरुस्त करायला हवे. इंटेलने १९८९ मध्येच ‘एटॅन’ नावाची चिप दाखवली होती. ६४ न्यूरॉन (नेटवर्कमधले बेरीज करणारे बिंदू), १०,२४० वजने, आणि ती फ्लॅशच्याच जातकुळीतल्या सेलमध्ये कोंडलेली. पुढे सान्ता बार्बराच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात दिमित्री स्ट्रुकोव्ह यांच्या गटाने बाजारातल्या १८० नॅनोमीटर नॉर फ्लॅशची जुळणी बदलून हस्तलिखित अंक ओळखणारे नेटवर्क बनवले. १,०१,७८० सेल, सगळा पसारा एका चौरस मिलिमीटरच्या आत. संगणकावरच्या नकलेत ९६.२ टक्के अंक बरोबर ओळखले गेले होते, प्रत्यक्ष चिपवर ९४.६५. मधले दीड टक्का कुठे गेले, हाच माझ्या पत्राचा मुद्दा आहे. ‘जुळणी बदलून’ हे शब्दही लक्षात ठेवावेत. सेल नेहमीचेच, पण तारा नव्याने ओढाव्या लागल्या.

आता माझ्या टेबलावरचे. मागच्या वर्षी एक लग्नाचे फोटो काढणारे गृहस्थ ३२ जीबीचे कार्ड घेऊन आले. सहा वर्षे कपाटात पडून होते, आणि त्याचा कंट्रोलर, म्हणजे कार्डाचा कारभार पाहणारी चिप, मेलेला. हॉट एअरने चिप उतरवली, रीडरमध्ये बसवली. (हवा जरा जास्त तापली की चुका वाढतात, हे या धंद्यातला पोरगाही पहिल्या महिन्यात शिकतो. उष्णता मिळाली की कोंडलेले इलेक्ट्रॉन ऑक्साइडमधून निसटतात.) पहिल्या वाचनात निम्मी पाने (मेमरी अशाच तुकड्यांत वाचतात) हाती लागेनात. मग वाचायचे व्होल्टेज थोडे खाली सरकवले, पुन्हा वाचले; आणखी थोडे, पुन्हा वाचले. दर वेळी काही पाने परत येत गेली. भार गळून सगळे सेल एका बाजूला सरकले होते, मीही त्यांच्यामागे सरकत गेलो. शेवटी एका फोटोत नवरीचा चेहरा स्वच्छ आला आणि हनुवटीखाली करडी पट्टी. ती काही गेली नाही.

हे जमले कारण नॅन्डमध्ये प्रत्येक पानाच्या शेपटीला चुका दुरुस्त करणारे जादा बाइट ठेवलेले असतात. चूक झाली हे कळते, आणि मर्यादेत असेल तर सुधारते. वजन म्हणून वापरलेल्या सेलला हे संरक्षण कुठून आणायचे? त्याचा प्रवाह थेट पाटात मिसळतो. चारपैकी एक मोटार मंद झाली, तर टोकाला पाणी कमी येईल, पण कुठली मंद झाली हे पाट सांगणार नाही. बिघडलेल्या फोटोवर निदान करडी पट्टी दिसते.

नेटवर्कला थोडी चूक पचते, हे मला मान्य आहे. हे काम करणारेही दूधखुळे नाहीत: लहान लहान झटक्यांनी थोडा भार घालायचा, मोजायचा, पुन्हा घालायचा, असे करत प्रत्येक सेल एखाद्या टक्क्याच्या अचूकतेत बसवतात. सान्ता बार्बराच्या गटाने आपल्या सेलमध्ये भार दीर्घकाळ टिकतो असेही लिहिले आहे. शिवाय वजने एकदा लिहायची आणि लाखो वेळा वाचायची असल्याने फ्लॅशची झीजही आड येत नाही. तरी एप्रिल-मेमध्ये माझ्या पत्र्याच्या दुकानात पंख्याखालीही घाम निथळतो, आणि रस्त्यावरच्या कॅमेऱ्याच्या डबीत त्याहून जास्त उकडत असणार. तिथे दोन उन्हाळे काढल्यावर ते ९४.६५ किती उरते?

धंद्याचे गणितही सोपे नाही. टेक्ससमधल्या ऑस्टिनची मिथिक ही कंपनी याच वाटेने गेली. तिच्या एम१०७६ चिपमध्ये सुमारे ८ कोटी वजने मावतात आणि ती ३-४ वॅटवर चालते. कौतुकच आहे. पण २०२२ च्या अखेरीस कंपनीचे पैसे संपले, २०२३ च्या मार्चमध्ये १.३ कोटी डॉलर मिळाल्यावर ती पुन्हा उभी राहिली. आजकालचे छोटे म्हणवले जाणारे भाषेचे मॉडेलही ७०० कोटी वजनांचे असते. अशा चिपा जवळजवळ नव्वद लागतील. म्हणूनच सगळ्यांचे डोळे दाट भरलेल्या नॅन्डकडे वळतात, आणि पुन्हा ती दिवाळीची माळ आडवी येते.

आपल्या वार्ताहराला यासाठी फार लांब जायची गरज नाही. पवईच्या आयआयटीत उदयन गांगुली यांच्या गटाने चार्ज-ट्रॅप फ्लॅशपासून कृत्रिम सिनॅप्स (मेंदूतल्या पेशींमधल्या जोडांची नक्कल) बनवण्यावर काम केले आहे. त्यात इलेक्ट्रॉन नायट्राइडच्या थरात अडकवतात. तिथे जाऊन एक सविस्तर मुलाखत घ्यावी, ही विनंती. आणि पुढच्या खेपेला अशा चिपची बातमी आली, की ‘किती वॅट’च्या शेजारी ‘किती अंशांवर, किती महिन्यांनी’ हा आकडाही छापा. बातमीत नसेल तर कंपनीला विचारा.

ते गृहस्थ करड्या पट्टीचा फोटोही छापून घेऊन गेले, हे सांगायचे राहिले. नवरी त्यांची धाकटी बहीण होती.

आपला नेहमीचा वाचक,
डेटा रिकव्हरी आणि मोबाइल दुरुस्ती, नाशिक रोड