राजीनामा पाठवला नसशील तर

चि. सागर,
अनेक आशीर्वाद.

काल तू फोन कट केलास तेव्हा गॅसवर दूध होतं, उतू गेलं. त्यावरून लिहीत नाही. रील्ससाठी नोकरीचा राजीनामा पाठवलास की नुसता लिहून ठेवलायस, एवढंच कळव.

'आई, तुला यातलं कळत नाही,' म्हणालास. अरे, तुझ्या टिकटॉकवर भाकरी थापत ओठ हलवणारी कोण होती? तीन भाकरी करपल्या तरी तुझं 'अजून एकदा' संपेना. मंगळवेढ्याच्या बाजारात मेथीवालीनं ओळखलं, जुडीचे पैसे घेतले नाहीत. घरी येऊन मी आरशात बघून घेतलं होतं, आज सांगते.

मग २९ जून २०२०. रात्री बातम्यांत, ५९ चिनी ॲप बंद. गलवानला आपले २० जवान गेले त्याला दोनच आठवडे झालेले. बाबा म्हणाले, 'बरं झालं', आणि तू ताटावरून उठलास. मला दोघांचंही पटत होतं. आदल्या वर्षी एप्रिलमध्ये मद्रास हायकोर्टाच्या आदेशानं अडलेलं महिनाभरात सुटलं होतं, तसंच सुटेल म्हणून तू ते फोनमधून काढलंच नाहीस. सकाळी उठून उघडायचास, ठेवून द्यायचास. जानेवारीत कायमची बंदी आली तरी. तुझे अडीच लाख फॉलोअर एका रात्रीत गेले रे! जुलैतच इन्स्टावर रील्स आले, पण तिथं तू पुन्हा शून्यावर.

आता त्याच भरवशावर पगाराची नोकरी सोडतोस? सातबारा दुसऱ्याचा असेल तर त्या वावरात विहीर खणू नये. गाडीचा हप्ता आहे, ताईचं ते अजून व्हायचंय...

चुकलं. हेच फोनवर बोलले होते.

परवाची तुझी एसटीतली रील बाबांनी मला दाखवली. त्यांनी! चार वेळा बघितली, वर म्हणे आवाज बारीक आहे. मला तर तू डोळ्यांखाली काळा दिसलास. रात्री जागतोस का?

आक्कांचा गोठ्यातला हसतानाचा व्हिडिओ माझ्या व्हॉट्सॲपवर आहे. टिकटॉकचं ते चिन्ह अजून या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात उड्या मारतं. दुसरीकडे कुठं त्यांचं हसणं नाही. तू काढलास म्हणून आहे.

सुताराच्या पोराबरोबर ज्वारीचं पीठ आणि शेंगाचटणी पाठवतेय. डबा परत दे. आणि पाठवला नसशील तर दिवाळीपर्यंत थांब. पाठवला असशील तरी फोन कर, मी काही बोलणार नाही.

तुझी आई