पॉइंट फेल झाला की माणसाला धरता, जरा त्या लोखंडाचं डिझाइनही बघा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

गाड्या लेट झाल्याच्या बातम्या तुमच्या पेपरात पावसाळ्यात जास्त येतात आणि मग दोन दिवसांनी वाचकांची पत्रं येतात की स्टाफ काय करतो, मेंटेनन्स होतो की नाही, पगार कशाचा घेतात वगैरे. राग समजतो, बडोद्याहून रोज अप-डाऊन करणाऱ्याचा हाफ डे कापला जातो. पण ज्या सांध्यामुळे, म्हणजे गाडीला एका लाइनवरून दुसऱ्या लाइनवर वळवणाऱ्या पॉइंटमुळे, गाडी अडकली तो सांधा बनवलाय कसा, त्यात बिघडण्यासारखं काय काय आहे, हे कुणीच लिहीत नाही म्हणून हे पत्र. माझं मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे इथल्या औद्योगिक वसाहतीत, छोटं मशीन वर्कशॉप आहे, लेथ-मिलिंगची जॉबवर्क करतो, आणि माझे थोरले भाऊ रेल्वेत सिग्नल खात्यात होते त्यामुळे घरात जेवायला बसलं की विषय हाच. माझं म्हणणं एवढंच आहे की आपण ज्याला मेंटेनन्सचा दोष म्हणून मोकळे होतो त्यातला बराचसा डिझाइनचा दोष आहे, आणि डिझाइन बदलता येतं.

आधी तो सांधा चालतो कसा ते सांगतो, कारण रोज त्याच्यावरून जाणाऱ्यांपैकी फार कमी लोकांनी तो नीट पाहिलेला असतो. बाहेरचे दोन रूळ जागेवर पक्के असतात, त्यांना स्टॉक रेल म्हणतात. त्यांच्या आत दोन टंग रेल, म्हणजे पुढे निमुळती होत गेलेली पाती. आपल्याकडे वन इन ट्वेल्व्हचा टर्नआउट, म्हणजे बाराला एक अशा कोनात फुटणारा फाटा, असेल तर मीटरमागे ६० किलोच्या रुळाचं हे पातं दहा मीटरपेक्षा थोडं जास्तच लांब असतं. मागून पक्कं, पुढून मोकळं, खाली स्लाइड चेअर आणि त्यावर ते सरकतं. दोन्ही पाती एकत्र हलावीत म्हणून मध्ये आडव्या पट्ट्या, स्ट्रेचर बार. बाजूला पेटीत ११० व्होल्टची डीसी मोटर, ती रॉड ओढते, जुन्या पद्धतीत मशीनचा थ्रो, म्हणजे रॉड सरकतो ते अंतर, १४३ मिलिमीटर आणि पातं उघडतं ११५ मिलिमीटर. पातं स्टॉक रेलला टेकलं की लॉक आत जातं, मग डिटेक्शनचे, म्हणजे पातं खरंच बसलं का ते तपासणारे, कॉन्टॅक्ट जुळतात, आणि मगच केबिनमध्ये कळतं की सांधा बसला आणि सिग्नल देता येतो. पातं आणि स्टॉक रेल यांच्यामध्ये टोकाजवळ ५ मिलिमीटरची पट्टी ठेवून टेस्ट घेतात, ती ठेवल्यावर लॉक लागता कामा नये, डिटेक्शन मिळता कामा नये, मोटरचा क्लच नुसता घसरत राहिला पाहिजे.

हे सगळं ज्यांनी शोधून काढलं त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. एक खडीचा तुकडा मध्ये अडकला तरी सिग्नल लालच राहतो, म्हणजे आपली गाडी आउटरला तासभर उभी असते तेव्हा ती सुरक्षित असते म्हणूनच उभी असते, हे लोकांनी लक्षात घ्यावं. मग माणूस क्रँक हँडल घेऊन पावसात चालत जातो, सांधा हाताने फिरवतो, क्लॅम्प लावून पॅडलॉक करतो, ड्रायव्हरला कागदावर परवानगी मिळते आणि गाडी मुंगीच्या पावलाने पुढे सरकते. तोपर्यंत मागे पाच गाड्या उभ्या.

आता अडचण कुठे आहे बघा. मोटर, क्लच, रॉड, लॉक, डिटेक्टर, स्ट्रेचर बार, नट, बोल्ट, हे सगळं एकामागे एक साखळीत आहे आणि साखळीतला कुठलाही एक भाग गेला की सगळा सांधा बंद. दुसरी वाट नाही. आमच्या धंद्यात एवढ्या महत्त्वाच्या मशीनला एकच मोटर ठेवली तर पार्टी विचारते की स्टँडबाय कुठेय. विमानात महत्त्वाच्या यंत्रणा दोन-तीन ठेवतात. आणि इथे ज्या सांध्यावरून दिल्ली-मुंबईची सगळी वाहतूक जाते तिथे एक मोटर आणि एक रॉड.

नटांचं तर मी जास्तच लिहिणार कारण तो माझा विषय आहे. नट ढिले का होतात यावर १९६९ साली गेरहार्ड युंकर नावाच्या जर्मन इंजिनिअरने दाखवून दिलं की बोल्टच्या लांबीच्या दिशेने बसणाऱ्या धक्क्यापेक्षा आडवा धक्का कितीतरी वाईट, आडवं हललं की नट आपोआप फिरत सुटतो, आधी टाइट केलेला असला तरी. आता सांध्यावर काय असतं, प्रत्येक चाकाचा धक्का उभा पण आणि आडवा पण, दिवसभर, वर्षानुवर्षं. म्हणजे जिथे नट सुटायला सगळ्यात सोयीची परिस्थिती आहे तिथेच आपण नटांवर भरवसा ठेवलाय, आणि ते सुटू नयेत याची जबाबदारी पाना घेऊन फिरणाऱ्या माणसावर टाकलीय.

इंग्लंडमध्ये याची किंमत मोजून झालीय. १० मे २००२ ला पॉटर्स बारला पॅसेंजर गाडीचा शेवटचा डबा सांध्यावर उडाला, ७ माणसं गेली, स्ट्रेचर बारचे नट जागेवर नव्हते. पुन्हा २३ फेब्रुवारी २००७ ला ग्रेरिगला तसंच, गाडी ताशी दीडशे किलोमीटरच्या वेगात होती, स्ट्रेचर बार एकेक करून निकामी झालेले, पातं सुटं झालं आणि सगळी गाडी घसरली, एक बाई वारल्या, पुष्कळ जखमी झाले. चौकशीत निघालं की काही दिवस आधीची ठरलेली तपासणी राहून गेली होती. लोक म्हणतील बघा, शेवटी माणसाचीच चूक. मी उलट म्हणतो, एक तपासणी राहिली म्हणून अख्खी गाडी घसरू शकते अशी वस्तू बनवायचीच कशाला? त्यानंतर तिथे स्ट्रेचर बारचं डिझाइनच बदललं, फक्त माणसांना रागावून ते थांबले नाहीत.

आपल्याकडे २ जून २०२३ ला बालासोरजवळ बहानगा बाजारला जे झालं ते वेगळं होतं, तिथे सर्किटच्या कामात चूक झाली, सांधा बाजूच्या लूप लाइनला आणि सिग्नल मेन लाइनचा हिरवा. ते यांत्रिक नव्हतं, दोन्ही गोष्टी मिसळू नयेत. पण सांध्याची दिशा चुकली तर काय होतं हे त्या दिवशी सगळ्या देशाला समजलं.

आपल्या बडोद्याच्या हवेचा विचार केला तर अजून दोन-तीन गोष्टी आहेत. पहिली म्हणजे ऊन. पोलाद एका अंशाला मीटरमागे जेमतेम ०.०११५ मिलिमीटर वाढतं, ऐकायला काहीच नाही, पण दहा मीटरचं पातं आणि हिवाळ्यातली पहाट ते मे महिन्यातली दुपार असा रुळाच्या तापमानाचा ४० अंशांचा फरक धरा, साडेचार मिलिमीटर होतात. पात्याचं मोकळं टोक तेवढं पुढे-मागे होतं, रॉड तिरका पडतो, लॉकच्या खाचेत घासायला लागतो, आणि मग मेंटेनरने सकाळी अ‍ॅडजस्ट केलेलं दुपारी अडतं. थोरले भाऊ सांगायचे की उन्हाळ्यात एकाच सांध्यावर परत परत जावं लागायचं आणि प्रत्येक वेळी गेल्यावर तो नीट चालताना दिसायचा.

दुसरी धूळ. स्लाइड चेअरवर ग्रीस लावतात म्हणजे पातं सरकावं, पण ग्रीसवर धूळ बसली की त्याची लापशी होते आणि मोटरला जास्त जोर लागतो, आणि पहिल्या जोरदार पावसात ग्रीस धुऊन जातं ते वेगळंच. यावर उपाय आहे, युरोपात पात्याखाली रोलर बसवतात, पातं सरकताना किंचित उचललं जातं आणि रोलरवरून जातं, घर्षण कमी आणि ग्रीसची गरज जवळजवळ संपते. रोलर आणि स्प्रिंग, यात न जमण्यासारखं काहीच नाही, आपल्याच जीआयडीसीत होईल.

तिसरी पाणी. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी कुठे कुठे शिरलं ते इथे कुणाला सांगायला नको. पॉइंट मशीनची पेटी जमिनीलगत असते कारण रॉड रुळाच्या पातळीला जोडायचा असतो. आता सीलबंद मशीनं मिळतात, आयपी-६७ म्हणतात, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास आत पाणी जाणार नाही. चांगलं आहे, पण आपल्याकडे पाणी अर्ध्या तासात उतरत नाही, काही ठिकाणी दिवस दिवस असतं. तेव्हा नुसती पेटी सील करून भागणार नाही, मोटर उंचावर ठेवून खालच्या रॉडपर्यंत जोर नेणारी जोडणी कशी करायची हा खरा डिझाइनचा प्रश्न आहे आणि तो आपल्या गावाचा प्रश्न आहे, जर्मनीतला कुणी तो सोडवायला येणार नाही.

रेल्वेने काहीच केलं नाही असं मी म्हणत नाही, तसं म्हटलं तर अन्याय होईल. थिक वेब स्विच आले, त्यात पात्यासाठी मुळातच जाड आणि कमी उंचीचा वेगळा सेक्शन वापरतात, त्यामुळे स्टॉक रेल आतल्या बाजूनेही आवळता येतो, जो पूर्वी येत नव्हता. पातं ११५ ऐवजी १६० मिलिमीटर उघडतं म्हणजे चाकाची पाठ उघड्या पात्याला लागत नाही. त्याच्याबरोबर २२० मिलिमीटर थ्रोचं मशीन आणि क्लॅम्प लॉक येतो आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट हीच आहे, कारण यात पातं थेट स्टॉक रेललाच धरलं जातं, घराच्या दाराला कडी चौकटीतच बसावी तसं, पूर्वी ती लांबच्या पेटीत होती आणि मध्ये रॉडचा भरवसा. पुढे क्रॉसिंगला, म्हणजे दोन वाटांचे रूळ एकमेकांना छेदतात तिथे, मँगनीज पोलादाचं ओतीव काम असतं, चाकं आपटून आपटून ते वरून अजून कडक होत जातं, आणि जपानच्या शिंकान्सेनला तर क्रॉसिंगचं नाकही, म्हणजे तिथलं टोकदार तोंड, हलतं म्हणजे चाकाला गॅप लागतच नाही. बुलेट ट्रेन आपल्या बडोद्यावरून जाणार आहे तेव्हा ते तंत्र आपल्या दारात येईलच.

पण हे सगळं झालं तरी मोटर एकच राहते ही माझी खरी तक्रार आहे. इंग्लंडमध्ये लफबरो विद्यापीठातल्या लोकांनी रीपॉइंट नावाचं डिझाइन केलंय, त्यात रूळ घासत सरकत नाही, उचलला जातो, बाजूला नेला जातो आणि खाली खाचेत ठेवला जातो. खाचेत बसला की स्वतःच्या वजनाने आणि आकारानेच लॉक. आणि हलवायला तीन अ‍ॅक्च्युएटर, त्यातले दोन बंद पडले तरी तिसरा काम पुरं करतो, गाड्या चालू राहतात आणि दुरुस्ती रात्री सावकाश करता येते. हे वाचलं तेव्हा मला फार आनंद झाला होता. अर्थात ते जसंच्या तसं इथे आणा असं मी म्हणणार नाही, त्यात अख्ख्या रुळाची टोकं एकमेकांसमोर येतात, आणि आपल्या उन्हात ती टोकं वाढली तर खाचेत बसतील का हे इथे करूनच बघावं लागेल. पण तीन मोटरींचा विचार तरी घ्या ना. आहे त्याच सांध्याला, आहे त्याच पात्याला, एक मशीन गेलं तर दुसरं लगेच काम उचलेल अशी रचना करायला काय हरकत आहे? महाग पडेल हे मान्य, पण सगळीकडे नको, जंक्शनच्या तोंडावरचे जे सांधे गेले की सगळंच अडतं तेवढ्यांनाच करा.

आणि हे बडोद्यातून व्हावं असं मला वाटतं, त्याला कारण आहे. डभोई-मियागाम ही देशातली पहिली नॅरोगेज १८६२ साली गायकवाडांच्या राज्यात टाकली, आधी बैल डबे ओढायचे, मग रूळ मजबूत करून १८७३ पासून इंजिन. महाराजा सयाजीरावांनी १८९० मध्ये कलाभवन काढलं ते हाताने काम करणारी हुशार माणसं तयार व्हावीत म्हणूनच, आज ती युनिव्हर्सिटीची टेक्नॉलॉजी फॅकल्टी आहे. लालबागला प्रतापविलास पॅलेसमध्ये रेल्वेच्या साहेबांची अकादमी आहे, गतिशक्ती विश्वविद्यालय आहे, हाय स्पीडचं ट्रेनिंग सेंटर आहे. आणि मकरपुऱ्यात आमच्यासारखी वर्कशॉपं किती आहेत. रेल्वेला अभ्यास, कॉलेजला मुलं, आम्हाला मशीनं, हे सगळं एकाच गावात सायकलने जाता येईल एवढ्या अंतरावर असून एकमेकांना भेटत नाही याचं मला वाईट वाटतं.

माझी रेल्वेला विनंती आहे की सांधे फेल होतात तेव्हा नेमका कुठला भाग गेला याची यादी भागवार करून लोकांसमोर ठेवावी, अमुक इतके डिटेक्टरमुळे, इतके ग्रीसमुळे, इतके पाण्यामुळे. कॉलेजच्या मुलांना प्रोजेक्ट शोधत फिरावं लागतं, त्यांना खरे प्रश्न मिळतील. आणि एखादा वापरातून काढलेला जुना सांधा, पाती, स्लाइड चेअर, मशीन सगळ्यासकट, कॉलेजच्या आवारात लावून द्यावा म्हणजे गाड्यांना हात न लावता त्याच्यावर प्रयोग करता येतील, ऊन-पाऊस-धूळ तर इथे फुकट आहे.

तुम्हालाही एक विनंती, पुढच्या वेळी सांध्यामुळे गाड्या अडकल्या की तुमच्या वार्ताहराला एवढंच विचारायला सांगा की कुठला पार्ट गेला. आणि हे वाचून कुणी विद्यार्थी किंवा रेल्वेतले कुणी नट न सुटणाऱ्या जोडणीवर किंवा रोलर चेअरवर काम करणार असतील तर माझा पत्ता तुमच्या ऑफिसमध्ये आहे, नमुन्याचे पार्ट फिरवून द्यायला आमचं लेथ मोकळं आहे, मजुरी घेणार नाही, मटेरियल तेवढं आणावं.

आपला नम्र,
एक वर्कशॉपवाला वाचक
मकरपुरा, बडोदा