हमीपत्राची मागची बाजू

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,

एका कॉलेजच्या गेटसमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. प्रवेशाच्या दिवसांत माझ्याकडे सगळ्यात जास्त खपतं ते हमीपत्र. हजेरी भरली नाही तर परीक्षेला बसणार नाही, शिष्यवृत्ती आली नाही तर पूर्ण फी भरीन, वगैरे. मुलं काउंटरवर उभ्या उभ्या सही ठोकतात. पालकांची सहीही पुष्कळदा तिथंच, दुसऱ्या पेनानं होते. ‘अरे, वाच तरी’ म्हणून मी ओरडतो. वाचत कुणी नाही. हा दोष मुलांचा, तो मी तुमच्या माथी मारत नाही.

पण गेल्या वर्षी एक मुलगी रडवेली होऊन आली. दुसरीकडे हवा तो कोर्स मिळाला होता, आणि ओरिजिनल्स इथल्या ऑफिसात अडकलेले. उरलेली फी भरा, मग कागद न्या, असं उत्तर मिळालेलं. विद्यापीठ अनुदान आयोगाची २०१८ची अधिसूचना स्पष्ट आहे: मूळ कागद तपासून तिथल्या तिथं परत द्यायचे, कॉलेजनं फक्त प्रती ठेवायच्या. मी ती छापून तिच्या हातात दिली. ‘हे आमच्याकडे आलेलं नाही,’ असं म्हणून ऑफिसनं ती खिडकीतूनच परत केली. मग तिनं लेखी अर्ज दिला. अर्ज घेतला, पोच दिली नाही.

साहेब, सगळी मेख त्या पोचेत आहे. त्याच अधिसूचनेप्रमाणे, प्रवेशाच्या जाहीर केलेल्या शेवटच्या तारखेच्या किमान १५ दिवस आधी प्रवेश सोडला तर १०० टक्के फी परत (प्रक्रियेचे म्हणून फार तर ५ टक्के, तेही ५,००० रुपयांच्या आतच कापायचे). नंतर उशीर होईल तसे ९०, ८०, ५० टक्के. आणि त्या तारखेनंतर ३० दिवस उलटले की शून्य. विद्यार्थ्यांच्या तक्रार निवारण समितीनं १५ कामकाजी दिवसांत अहवाल द्यावा, असं आयोगाचे २०२३चे विनियम सांगतात. पण अर्ज कधी आला याचा कागदच नसेल, तर हे दिवस मोजायचे कुठून? त्या मुलीचे कागद सुटले तोवर तिकडची मुदत संपली होती. ती आता इथंच शिकते.

विद्यापीठ कायद्यात निकालाला ३० दिवस, फार तर ४५ दिवस दिले आहेत. उशीर झाल्यावर विद्यापीठानं मुलांना लिहून दिलेलं हमीपत्र काही माझ्या मशीनवर अजून आलेलं नाही.

माझी मागणी छोटी आहे. हमीपत्राची मागची बाजू कोरीच असते. तिथं मराठीत छापा: मूळ कागद ठेवले जाणार नाहीत, फी परतीचा तक्ता, तक्रार समितीतल्यांची नावं आणि खाली प्राचार्यांची सही. आणि खिडकीवर आलेल्या प्रत्येक अर्जावर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घालून एक प्रत मुलाला परत.

नवी हमीपत्रं माझ्याकडे मेअखेरीस छपाईला येतात. परिपत्रक त्याआधी निघालं तर बरं.

आपला,
गेटसमोरचा झेरॉक्सवाला