आई-बाबा, मी नॉर्वेला जायचं म्हणतेय

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर आईनं विचारलं, "तुला काढून टाकलं का गं?" आणि नेमका फोन कट झाला, म्हणून सविस्तर लिहितेय. मला काढलेलं नाही. क्लबनं महिलांचा फुटबॉल संघच बंद केला. खेळाडू, फिजिओ, आम्ही कोच, सगळेच एका दिवसात मोकळे झालो. आता नॉर्वेतल्या एका क्लबनं सोळा वर्षांखालच्या मुलींच्या संघासाठी सहायक कोच म्हणून बोलावलंय. करार वर्षाचा आहे आणि मला जायचंय.

"वर्षानंतर काय?" असं बाबा विचारणारच. बाबा, मी पिया सुंधागेचं नाव नेहमी घेते ना, तिचंच सांगते. स्वीडनची. लहानपणी मुलींचा संघ नव्हता म्हणून मुलाच्या नावानं मुलांत खेळली. पुढे देशासाठी 146 सामने खेळली, 71 गोल केले. 1984 साली युरोपातल्या महिलांच्या पहिल्या अधिकृत स्पर्धेच्या अंतिम सामन्यात इंग्लंडविरुद्ध निर्णायक पेनल्टी तिनंच मारली.

आणि 2003 मध्ये काय झालं बघा. अमेरिकेत ती बॉस्टन ब्रेकर्सची कोच होती. संघ लीगमध्ये अव्वल, ती वर्षाची सर्वोत्तम कोच, आणि त्याच सप्टेंबरात पैशाअभावी अख्खी लीग बंद पडली. मग ती नॉर्वेतल्या कोल्बोत्न क्लबला गेली, तिथून स्वीडनमध्ये ओरेब्रोला, नंतर 2007 मध्ये चीनच्या संघात सहायक म्हणून. मुख्य कोच राहिलेल्या बाईनं सहायकाचं काम आनंदानं केलं आणि त्याच वर्षाच्या शेवटी अमेरिकेनं तिला राष्ट्रीय संघ दिला. 2008 च्या ऑलिंपिकआधी तिच्या मुख्य स्ट्रायकरचा, ॲबी वॉम्बाकचा, पाय मोडला. पहिलाच सामना नॉर्वेनं 2-0 असा जिंकला. तरी सोनं अमेरिकेचं. 2012 लाही.

पण बाबा, मला तिचं सगळ्यात मोठं काम वाटतं ते 2016 च्या रिओचं. तेव्हा ती स्वीडनची कोच होती. गटात ब्राझीलनं त्यांना 5-1 असं धुतलं. मग उपांत्यपूर्व फेरीत समोर अमेरिका, तिनंच घडवलेल्या पोरींचा संघ. तिनं सगळा संघ मागं ओढला, मधल्या जागा बुजवल्या, समोरच्यांना बाजूनं खेळायला लावलं आणि पेनल्टीवर सामना काढला. उपांत्य फेरीत रिओच्या माराकाना मैदानावर, ब्राझीलविरुद्ध त्यांच्याच प्रेक्षकांसमोर, पुन्हा तसाच खेळ: शून्य-शून्य आणि पेनल्टी. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर दहा जण मागं बसवणाऱ्या संघाला तुम्ही शिव्या घालता, ते माहीत आहे मला. पण पाच गोल खाल्लेल्या पोरींना दहा दिवसांत त्याच संघापुढे न डगमगता उभं करणं सोपं नाही हो. अंतिम सामना जर्मनीनं जिंकला, पण रौप्य मिळालं.

आई, तिला पुढे खरोखर काढलंही. ब्राझीलची कोच असताना 2022 चा कोपा अमेरिका, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या देशांचा कप, एकही गोल न खाता जिंकून दिला, पुढच्या वर्षी वर्ल्डकपमध्ये गटातच बाहेर पडले आणि महिन्याभरात नोकरी गेली. त्यानंतर तिनं स्वित्झर्लंडचा संघ घेतला. 2025 च्या युरो स्पर्धेत तो पहिल्यांदाच उपांत्यपूर्व फेरीत पोहोचला, तेव्हा ती 65 वर्षांची होती. या कामात असंच असतं. करार संपतो, हातचं शिक्षण जात नाही.

भाषेची काळजी करू नका. इथं आमच्या संघात मणिपूरची एक पोरगी होती, हिंदी जेमतेम. पास घेण्याआधी मागं बघायचीच नाही. मी तिच्या पाठीशी उभी राहून बोटं वर करायचे. चेंडू पायाशी यायच्या आत तिनं खांद्यावरून वळून बघायचं आणि आकडा ओरडायचा. पंधरवड्यात तिची मान आपोआप फिरायला लागली. हे नॉर्वेतही चालेल.

आणि हे जाणं-येणं एकतर्फी नाही. नायजेरियाला आफ्रिकेचा कप जिंकून देणारे थॉमस डेनरबी स्वीडनहून आपल्या मुलींना शिकवायला आलेच होते. नॉर्वेच्या बायकांनी 1995 चा वर्ल्डकप आणि 2000 चं ऑलिंपिक सोनं जिंकलंय. तिथं चौदा वर्षांच्या मुलीला काय आणि कसं शिकवतात, हे मला रोज मैदानात उभं राहून बघायचंय. ते शिकून कोल्हापूरच्या पोरींसाठी काम करायचं मनात आहेच.

शाळेतल्या पी.टी.च्या जागेसाठी बाबांनी कुणाकुणाला शब्द टाकलाय, ते ताईनं सांगितलं. तुमची धडपड कळते मला. पण ती जागा दुसऱ्या कुणाला मिळू दे.

मला जानेवारीत रुजू व्हायचंय. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन दिवाळीनंतर म्हणत होतात ना? ते मी घरी असतानाच होऊ दे. नंतरचे व्यायाम मीच करून घेईन. डॉक्टरांकडून तारीख घ्या आणि मला कळवा, तिकीट मी त्यानंतरच काढते.

तुमची,
मनू